धरणाच्या बदल्यात मासे : सॅमनच्या हॅचरींची दीडशे वर्षं आणि आपली महसीर

अभियंत्याला बदल्याचा हिशेब चांगला जमतो. रस्त्यात झाड आलं तर बदल्यात रोपं लावायची, जमीन बुडाली तर बदल्यात जमीन द्यायची. धरणानं माशांची वाट अडली, तर बदल्यात हॅचरी, म्हणजे मत्स्यबीज केंद्र बांधायचं. अंदाजपत्रकात एक ओळ वाढते आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. बेळगावात पंपांच्या कारखान्यात पंचवीस वर्षं काढून मी इतिहासाकडे वळलो. धरणांचे जुने अहवाल वाचताना ही ओळ मला वारंवार भेटली. ती आली कुठून, याचा माग काढत गेलो तो थेट कॅलिफोर्नियातल्या एका नदीकाठी, १८७२ सालात पोचलो. तिथून पुढे येताना वाटेत लोणावळा आणि कावेरीही लागली. म्हणून हा विषय आपल्या मंडळापुढे ठेवतो आहे.

आधी मासा समजून घेऊ

पॅसिफिक महासागराला मिळणाऱ्या नद्यांतला सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, लहानपणीच समुद्रात जातो, तिथे काही वर्षं वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा जन्माच्याच ओढ्यात परततो. त्या ओढ्याच्या पाण्याचा वास त्याला आठवतो. अंडी घालून झाली की तो मरतो. काही थोडे मासे वाट चुकतात, पण बहुसंख्य घरी येतात. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक खोऱ्याचा सॅमन वेगळा घडत गेला. कुठला वसंतात परततो, कुठला शरदात, तर सॅक्रामेंटो नदीतला एक ऐन हिवाळ्यात. आपल्याकडे खानापूर-चंदगडचा शेतकरी पाणथळ खाचराला एक आणि उताराच्या शेताला दुसरं भाताचं बियाणं ठेवायचा, तसंच हे. सगळ्याला भातच म्हणायचं, पण बियाणं बदललं की पीक फसतं.

बेअर्ड यांचा सल्ला

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा अटलांटिक सॅमन एकोणिसाव्या शतकात गिरण्यांचे बंधारे आणि अतिमासेमारी यांनी आटत चालला होता. १८७१ साली तिथल्या संघराज्य सरकारनं मत्स्य आयोग नेमला, प्रमुख होते स्पेन्सर बेअर्ड. पुढच्याच वर्षी त्यांनी लिव्हिंगस्टन स्टोन या माजी धर्मोपदेशकाला कॅलिफोर्नियात पाठवलं. स्टोन यांनी मॅक्लाऊड नदीवर केंद्र उभारलं आणि त्याला नाव दिलं बेअर्ड. जागा विन्नेमेम विंटू या आदिवासींची होती. ही नदी आणि तिचा सॅमन यांच्याभोवतीच त्यांचं सगळं जीवन उभं होतं.

केंद्रावर माद्यांची अंडी काढायची, नराचं रेत मिसळायचं, फलित अंडी शेवाळात आणि बर्फात बांधायची आणि रेल्वेनं हजारो किलोमीटर पूर्वेला धाडायची, असं काम चाले. लाखो अंडी गेली. पूर्वेच्या नद्यांत पॅसिफिकचा सॅमन काही रुजला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडला पाठवलेली अंडी मात्र रुजली. तिथे आजही हे मासे आहेत. हा धागा पुढे परत येणार आहे.

तिकडे उत्तरेला कोलंबिया नदीवर १८६६ साली सॅमन डबाबंद करण्याचा पहिला कारखाना निघाला. कारखाने वाढले, जाळी वाढली. मासेमारीला आळा घालावा का, हा प्रश्न उठला, तेव्हा १८७५ साली बेअर्ड यांनी सल्ला दिला. त्याचा मतितार्थ असा : निर्बंध घालणं आणि ते पाळायला लावणं कठीण आहे, त्यापेक्षा कृत्रिम पैदास करा, मग निर्बंधांची गरजच उरणार नाही. कारखानदारांना हे पटलंच. १८७७ मध्ये त्यांच्याच पैशानं क्लॅकमस नदीवर हॅचरी निघाली. १८८३ साली कोलंबियात चिनूक जातीचा सॅमन सुमारे ४ कोटी ३० लाख पौंड पकडला गेला. त्यानंतर या जातीनं तो आकडा कधी गाठला नाही.

माझ्या मते हॅचरीच्या इतिहासातली मूळ चूक इथे झाली. यंत्रणा कमकुवत होती असं नव्हे. तिच्यावर काम चुकीचं सोपवलं होतं. जंगली मासा वाचवायची साधनं होती मासेमारीवर मर्यादा आणि नदीचं रक्षण. ती बाजूला ठेवायला हॅचरी ही सबब झाली.

काँक्रीटचा काळ

१९३० नंतर धरणं आली. कोलंबियावरचं ग्रँड कूली १९४१ मध्ये सुरू झालं. उंची सुमारे १६८ मीटर आणि माशांना चढायला शिडी नाही. वरच्या बाजूचं हजारभर मैलांहून अधिक नदीक्षेत्र सॅमनला कायमचं बंद झालं. केटल फॉल्स हे मासेमारीचं प्राचीन ठिकाण बुडणार होतं, तेव्हा १९४० च्या जूनमध्ये अनेक जमातींचे लोक तिथे जमले आणि तीन दिवस त्यांनी नदीच्या त्या जागेचा निरोप घेतला. त्या मेळाव्याला 'अश्रूंचा सोहळा' असंच म्हणतात.

कॅलिफोर्नियात शास्ता धरण १९४५ मध्ये पुरं झालं. मॅक्लाऊड नदीची वाट बंद झाली आणि स्टोन यांचं बेअर्ड केंद्र उभं होतं ती जागा जलाशयाखाली गेली. बदल्यात बॅटल क्रीकवर १९४२ साली कोलमन हॅचरी उभी राहिली. कोलंबियासाठी १९३८ चा मिचेल कायदा होता. त्याच्या पैशातून हॅचरींची रांग लागली, पण त्यातल्या बऱ्याच धरणांच्या खालच्या अंगाला होत्या. म्हणजे वरच्या खोऱ्यातल्या लोकांचे मासे गेले आणि बदल्यातले मासे भलत्यांच्या दारात आले. आकडा जुळला, पत्ता चुकला.

टाकीतला मासा आणि नदीतला मासा

हॅचरी आतून पाहणाऱ्या अभियंत्याला ती आवडल्याशिवाय राहत नाही. तबकांमधून ठरावीक वेगानं थंड पाणी वाहतं, तापमानावरून अंडं कधी फुटणार याचा दिवस काढता येतो, लांबट हौदांत पिल्लं वाढतात, खाद्य मोजून पडतं. नदीत अंड्यांपासून निघून समुद्रापर्यंत पोचणारी पिल्लं मूठभर. हॅचरीत बहुतेक जगतात.

गोम तिथेच आहे. नदीत पूर, शत्रू, उपासमार आणि जोडीदाराची निवड या सगळ्यांतून चाळण लागते. हॅचरीत ही चाळण नसते, दुसरीच असते. गर्दीत राहणारा, वरून पडणारं खाद्य झडप घालून घेणारा मासा तिथे यशस्वी ठरतो. ऑरेगनमधल्या हूड नदीतल्या स्टीलहेड या सॅमनच्या भाऊबंदावर झालेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की बंदिस्त वाढीच्या दर पिढीमागे माशाची नदीत यशस्वी प्रजनन करण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. असे मासे नदीत जाऊन जंगली माशांशी संकरले की ही कमजोरी त्यांच्यातही उतरते.

दुसरा धोका जाळ्याचा. समजा नदीत दहा हॅचरीचे मासे आणि एक जंगली मासा एकत्र येतो आहे. हॅचरीला पुढच्या पैदाशीसाठी दहातला एखादाच लागतो, म्हणून बाकीचे खुशाल पकडा, असं ठरतं. पण जाळं मोजून पकडत नाही. त्याच प्रमाणात जंगली मासाही जातो, आणि तो तर एकच होता.

वेगळं ओळखायची युक्ती

यावर निघालेला उपाय साधा आहे. सॅमनच्या पाठीवर शेपटीजवळ एक छोटा मांसल पर असतो. हॅचरीतून सोडण्याआधी पिल्लाचा तो पर कापतात. १९९० च्या दशकापासून हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं, पुढे त्याची यंत्रंही आली. पर नसलेला मासा ठेवायचा, पर असलेला परत सोडायचा. त्याही आधी, १९६० च्या दशकात, पिल्लाच्या नाकाडात जेमतेम मिलिमीटरभर लांबीची खूण केलेली पोलादी तार बसवायची पद्धत निघाली होती. मासा कुठेही पकडला गेला तरी तारेवरून त्याची हॅचरी कळते. गळानं पकडणाऱ्याला मासा परत सोडता येतो. कल्ले अडकवणाऱ्या जाळ्यात मात्र तो बहुधा मेलेलाच निघतो, तिथे ही युक्ती लंगडी पडते.

२००० साली अमेरिकी काँग्रेसच्या पुढाकारानं हॅचरींची शास्त्रीय तपासणी करणारा गट बसला. त्यानं दोन कामं स्पष्ट वेगळी केली. पकडण्यासाठीच मासे वाढवणारी हॅचरी जंगली माशांपासून तोडून ठेवायची. महत्त्वाच्या जंगली वस्तीत अंडी घालणाऱ्यांमध्ये तिचे मासे ५ टक्क्यांच्या आत असावेत. जंगली माशांशी जोडलेली हॅचरी चालवायची असेल, तर दरवर्षी नदीतले जंगली मासे पैदाशीला घ्यायचे, म्हणजे घडवणूक नदीची राहील, टाकीची नाही.

मग हॅचरी बंदच का करत नाहीत?

कारण मासा हा कराराचाही भाग आहे. १८५४-५५ मध्ये वॉशिंग्टन परिसरातल्या जमातींनी जमीन दिली आणि परंपरागत ठिकाणी मासेमारीचा हक्क राखून ठेवला. १९७४ साली न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की पकडण्याजोग्या माशांत या जमातींचा निम्मा वाटा आहे. राज्याचं म्हणणं, हॅचरीचे मासे आमच्या पैशाचे, ते वाट्यात धरू नका. १९८० मध्ये न्यायालयानं ते नाकारलं. नैसर्गिक मासे घटले म्हणून ही भरपाई आली आहे, ती वाट्यातून वगळली तर हक्काला अर्थच उरणार नाही. म्हणून आज त्या भागातल्या अनेक हॅचरी जमाती स्वतः चालवतात. नदी आधी दुसऱ्यांनी बिघडवायची आणि मग शुद्ध जंगली माशाच्या नावाखाली त्यांनाच उपाशी ठेवायचं, हा न्याय नव्हे.

हॅचरी वाचवूही शकते. सॅक्रामेंटोचा हिवाळी चिनूक १९९४ साली संकटग्रस्त जाहीर झाला. त्याच्यासाठी शास्ता धरणाच्या पायथ्याशी खास हॅचरी निघाली. तिचं नाव लिव्हिंगस्टन स्टोन. २०२२ च्या उन्हाळ्यात याच हॅचरीतली सुमारे ४० हजार फलित अंडी, विन्नेमेम विंटूंच्या सहभागानं, धरणाच्या वर मॅक्लाऊड नदीच्या पाण्यात उबवली गेली. ऐंशीएक वर्षांनी तिथे सॅमनची पिल्लं दिसली. त्याआधी २०१० मध्ये या जमातीचे लोक न्यूझीलंडला जाऊन आपल्या माशांच्या वंशजांना भेटून आले होते. ते मासे घरी आणावेत, ही त्यांची मागणी आहे.

वळवण ते कावेरी

आता आपल्याकडे. १८३९ साली कर्नल साईक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून एका महसीरचं वर्णन केलं, शास्त्रीय नाव टोर खुद्री. म्हणजे भीमेच्या, पर्यायानं कृष्णेच्या खोऱ्यातला मासा. लोणावळ्याला टाटांच्या जलविद्युत योजनेच्या वळवण तलावाकाठी १९७० च्या सुमारास या महसीरची कृत्रिम पैदास सुरू झाली. चं. वि. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले या मराठी मत्स्यतज्ज्ञांचं त्यात मोठं योगदान आहे. आटत चाललेला मासा हजारोंनी वाढवता येतो, हे त्यांनी दाखवून दिलं. इथली बोटुकली देशभर गेली, कावेरीतही सोडली गेली.

कावेरीची स्वतःची महसीर मात्र वेगळी होती, पाठीला कुबड असलेली, प्रचंड वाढणारी. १९४६ साली कबिनी नदीत गळाला लागलेली १२० पौंडांची नोंद प्रसिद्ध आहे. गळ टाकणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा दिसलं की निळ्या परांची, बाहेरून आलेली महसीर वाढत गेली आणि कुबडाची जवळपास दिसेनाशी झाली. वाळूउपसा, सुरुंग, धरणं हीही कारणं आहेतच. पण 'महसीर भरपूर आहे' या समाधानात कुठली महसीर, हे विचारायचं राहून गेलं. कुबडाच्या महसीरचं शास्त्रीय नाव टोर रेमादेवी हे २०१८ मध्ये निश्चित झालं आणि त्याच वर्षी ती अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. नाव ठरेपर्यंत ती संपत आली होती.

यात कुलकर्णी-ओगल्यांना दोष देणं अन्यायाचं होईल. त्या काळात सगळीकडे हिशेब संख्येचाच होता. आज तसं म्हणता येणार नाही. हॅचरीचा प्रस्ताव आला की तीन गोष्टी विचाराव्यात : बियाणं कुठल्या खोऱ्यातलं, ते कुठे सोडणार, आणि पकडायचा मासा राखायच्या माशापासून वेगळा ओळखणार कसा?

आपल्या मंडळाला यात एक काम करता येईल. मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय आणि म्हादई या नद्यांतल्या माशांची जुनी नावं, मराठी, कानडी आणि कोकणी, कुठल्या डोहात कुठला मासा कधी मिळायचा या माहितीसह भोई आणि गाबित समाजातल्या ज्येष्ठांकडून लिहून घ्यावीत. शेजारच्या नदीचं बियाणं कुणी आणून सोडलं, तर आपल्या नदीत आधी काय होतं हे सांगणारा कागद तरी आपल्याकडे असेल. कावेरीच्या बाबतीत तो वेळेवर तयार नव्हता.