पंडिता रमाबाईंची श्रद्धा आणि शंका

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले, की आपल्यापुढे दोन चित्रे उभी राहतात. एक, संस्कृतच्या पांडित्याने कोलकात्याच्या विद्वानांना थक्क करणाऱ्या तरुणीचे. दुसरे, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अनाथ मुलींच्या गराड्यात बसलेल्या वृद्धेचे. या दोन चित्रांच्या मध्ये एक बाप्तिस्मा आहे आणि आपला सगळा वाद त्याच्याभोवतीच फिरत राहिला. धर्म सोडला म्हणून काहींनी त्यांना दूर लोटले, धर्म स्वीकारला म्हणून काहींनी डोक्यावर घेतले. पण बाप्तिस्मा झाला आणि रमाबाईंचे प्रश्न संपले, हे मात्र दोन्ही बाजूंनी धरून चालले. त्यांची पत्रे वाचली, तर हा समज टिकत नाही.

या प्रश्नांचे मूळ त्यांच्या लहानपणात आहे. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांनी स्वकीयांचा रोष ओढवून घेतला, पुढे मुलीलाही शिकवले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत असे. १८७० च्या दशकात दुष्काळ पडला. जवळचे होते ते दानधर्मात आणि देवकार्यात संपले. शास्त्रांत सांगितलेले सारे यथासांग केले, पण अन्न मिळाले नाही. झाडपाला खाण्याची वेळ आली. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघे पायी उत्तरेपर्यंत गेले. झेलमच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत वाळू ओढून त्यांनी रात्र काढली. ज्याने पोटाच्या भुकेपुढे विश्वास ढासळताना पाहिला, तो माणूस पुढे कोणाच्याही शब्दावर सहजी विश्वास ठेवणार नाही, हे उघड आहे.

ख्रिस्ती प्रार्थनेशी त्यांची पहिली गाठ पडली ती कोलकात्यात, आणि तीही गमतीची. जमलेली मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटून बसली. हे लोक खुर्चीची पूजा करतात, असेच या बहीणभावांना वाटले! ही आठवण रमाबाईंनी स्वतःच पुढे ‘माझी साक्ष’ या पुस्तकात सांगितली आहे. श्रीनिवास १८८० मध्ये वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीही पटकीने गेले. चोवीस वर्षे पुरी होण्याआधीच कडेवर लहानगी मनोरमा घेऊन त्या विधवा झाल्या आणि पुण्यास आल्या.

१८८३ मध्ये वैद्यकी शिकण्यासाठी त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरल्या. बरोबर आनंदीबाई भगत नावाच्या मैत्रीण होत्या. परका देश, परकी भाषा, आणि आपल्याला इथे बाटवतील ही आनंदीबाईंच्या मनातली धास्ती. त्या धास्तीने त्यांचा ताबा घेतला. मॅक्स म्युलर यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे, की एका रात्री त्यांनी रमाबाईंचाच गळा आवळण्याचा प्रयत्न केला आणि शेवटी स्वतःचे जीवन संपवले. याच सुमारास, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यांची श्रद्धा निवांत देवघरात जन्मलेली नव्हती. तिच्या उंबऱ्याशीच भीती आणि मृत्यू उभे होते.

मग हा धर्म त्यांनी का घेतला? लंडनजवळ भगिनींनी चालवलेले, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांचे आश्रयस्थान त्यांनी पाहिले. ज्यांना आपल्याकडे दारातही उभे करत नाहीत, त्यांची इथे माणसे म्हणून सेवा होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ही करुणा कोठून येते, असे त्यांनी विचारले, तेव्हा शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखवण्यात आली. तिथे त्यांचे मन वळले.

मन वळले, पण मान तुकवली नाही. बाप्तिस्म्यानंतर वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो मुळातून वाचावा असा आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये तो ग्रंथरूपाने काढला. त्रैक्याचा सिद्धान्त मला समजत नाही, येशूचे ईश्वरत्व कोणत्या आधारावर मानायचे, चमत्कारांचे काय, असे प्रश्न त्या एकामागून एक टाकतात. ब्राह्मण पुरोहितांचे जोखड आत्ताच मोठ्या कष्टाने फेकले आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचे मानेवर घेणार नाही, असे स्पष्ट कळवतात. जेराल्डीनबाईंना यात गर्व दिसला. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही, त्यातही त्यांना जातीचा अहंकार दिसला.

क्रुसाची गोष्ट तर ध्यानात ठेवण्यासारखी. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरावीत, ही तिथली रीत. रमाबाई म्हणाल्या, अक्षरे संस्कृत हवीत. लॅटिन माझ्या देशभगिनींना कळत नाही, आणि संस्कृतपेक्षा ती अधिक पवित्र आहे असेही मला वाटत नाही. देव स्वीकारला म्हणून त्याच्याबरोबर आलेले साम्राज्य स्वीकारलेच पाहिजे, असे नाही, हे भान त्या काळात फार थोड्यांना होते.

इकडे महाराष्ट्रात गदारोळ झाला. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, पण एकूण सूर विरोधाचा होता. तरीही ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, याच सदनात शिकल्या. सदनात धर्म शिकवायचा नाही, असे ठरले होते. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, तेव्हा दार उघडे असे आणि मुली आत येऊन बसत. १८९३ मध्ये त्यावरून वादळ उठले. रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, अनेक मुली घरी नेण्यात आल्या. पालकांची भीती खोटी म्हणता येणार नाही, कारण काही मुलींचे मन खरोखरच त्या प्रार्थनेकडे ओढले होते. आणि आपली श्रद्धा लपवायला दार लावून घ्यायचे, हे रमाबाईंनाही जमणारे नव्हते.

गंमत अशी, की ज्या श्रद्धेसाठी एवढी किंमत मोजली, तीही त्यांना बाप्तिस्म्याबरोबर पुरती गवसली नव्हती. आठ वर्षांनंतर, १८९१ च्या सुमारास, त्यांना जाणवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त अजून मिळालेला नाही. आठ वर्षे ही बाई अपुऱ्या श्रद्धेवर जगली, आणि त्याच वर्षांत तिने शाळा उभी केली, पुस्तक लिहिले, अमेरिका पालथी घातली. सगळ्या शंका फिटल्यावर कामाला लागू, असे म्हटले असते, तर यातले काही झाले नसते.

त्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी लागली १८९६-९७ च्या दुष्काळात. मध्य प्रांतात उपासमार सुरू झाल्याचे कळले, तेव्हा स्वतःच्या लहानपणीची भूक त्यांच्यापुढे उभी राहिली असेल. अमेरिकेतल्या मदतीची दहा वर्षांची मुदत संपत आली होती. पैसा कोठून येणार, ठाऊक नव्हते. तरी त्या गेल्या आणि शेकडो मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगाचे निर्बंध होते म्हणून केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. पुढच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

उत्तरायुष्यात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणायला घेतले. अल्पशिक्षित बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत. क्रुसावरच्या अक्षरांचा आग्रहच इथे दुसऱ्या रूपाने आला. जे मानायचे, ते आधी कळले पाहिजे. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. घरची शेवटची माणूस. तरी मुद्रिते तपासणे चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. पूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ मध्ये, त्यांच्या माघारी.

आज श्रद्धा म्हटले, की आपण शंकेला दाराबाहेर उभे करतो, आणि शंका घेणाऱ्याला श्रद्धा असेल, हे आपल्याला खरे वाटत नाही. रमाबाईंच्या घरात या दोघी एका छपराखाली राहिल्या. त्यांचे भांडण कधी पुरते मिटले नाही. पण दारात उपाशी मूल आले, तेव्हा त्याला आत घेण्यावरून त्या दोघींत कधी वाद झाला नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)