बाटली, नजर आणि जागा

वर्गात सहज करता येईल असा एक प्रयोग आहे. फळ्यावर हिरव्या खडूने ‘लाल’ लिहा, पिवळ्या खडूने ‘निळा’, लाल खडूने ‘पिवळा’. अशी वीसेक नावे झाली की एखाद्या विद्यार्थ्याला सांगा : शब्द वाचायचा नाही, फक्त खडूचा रंग सांगायचा. तो अडखळतो. ज्याला वाचता येते त्याला शब्द न वाचणे जमत नाही. (बालवाडीतल्या मुलाची मात्र काहीच अडचण होत नाही!)

१९३५ साली अमेरिकेत जॉन रिडली स्ट्रूप याने ही अडखळण मोजली. शंभर रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३ सेकंद लागले. चौकोनांच्या जागी भलत्याच रंगात छापलेली रंगांची नावे आली, तेव्हा ११०. पुढे मानसशास्त्रज्ञांनी या विलंबाचीच मोजपट्टी केली. रंगांच्या नावांऐवजी ‘बिअर’, ‘व्हिस्की’ असे शब्द निरनिराळ्या रंगांत दाखवायचे. साध्या शब्दांच्या तुलनेत इथे रंग सांगायला जितका उशीर, तितके लक्ष त्या शब्दाने ओढून घेतले असे समजायचे. “दारूकडे तुमचे लक्ष जाते का?” असे विचारण्यापेक्षा हे बरे. त्या प्रश्नाला खरे उत्तर मिळेलच असे नाही, आणि पुष्कळदा ते स्वतःलाही ठाऊक नसते.

मग कोणाचे लक्ष जास्त ओढले जाते? जो जास्त पितो त्याचे, असे आपण चटकन म्हणू. ते खोटेही नाही. २००१ साली इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात टाउनशेंड आणि ड्यूका यांनी चित्रांच्या साहाय्याने अशीच एक चाचणी घेतली. त्यांतले कोणीही व्यसनी नव्हते, चारचौघांत घेणारेच होते. तरी त्यांतल्या भरपूर पिणाऱ्यांची नजर दारूच्या चित्राकडे अधिक वळत होती.

पण माणसाबरोबर जागेचाही यात हात असावा, हा संशय त्याहून जुना आहे. अमेरिकेत केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे मॉर्फिन-हेरॉइनच्या व्यसनींसाठी सरकारी रुग्णालय होते. तिथे एब्रहॅम विक्लर या डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसली. महिनोन्‌महिने मादक द्रव्याला न शिवलेले रुग्ण, नुसत्या त्याच्या गप्पा निघाल्या की जांभया देऊ लागत. नाक-डोळे वाहू लागत. बरे होऊन घरी गेलेल्यांना जुन्या वस्तीत पाऊल टाकताच पुन्हा तलफ येई. पावलॉव्हच्या कुत्र्याची गोष्ट आपण दरवर्षी शिकवतो; विक्लरनी १९४८ साली त्याच तत्त्वाने याचा अर्थ लावला. इथे घंटेचे काम ती गल्लीच करत होती.

दारूच्या अभ्यासात मात्र संशोधक बराच काळ पांढऱ्या भिंतींच्या खोलीतच पेले मोजत बसले. १९७३ साली ॲलन मार्लट व सहकाऱ्यांनी ३२ मद्यासक्त आणि ३२ माफक पिणाऱ्या पुरुषांना ‘चव कशी आहे ते सांगा’ म्हणून पेये दिली. काहींना व्होडका सांगून नुसते टॉनिक दिले, तर काहींना टॉनिक सांगून व्होडका. ज्यांना आपण व्होडका पीत आहोत असे वाटले, ते जास्त प्यायले. पेल्यात खरोखर काय होते याने फरक पडला नाही. पुढे मार्लट यांनी सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात चक्क एक बारच उभारला. काउंटर, बाटल्या, मंद दिवे, सगळे काही. विद्यापीठाच्या हिशेबतपासनिसांना काय वाटले असेल कोण जाणे!

२०१५ साली अल्बेरी व सहकाऱ्यांचा जो प्रयोग प्रसिद्ध झाला, त्याची मांडणी मला विशेष आवडते. ४३ महाविद्यालयीन विद्यार्थी घेतले. त्यांपैकी २१ जण बारमध्ये किंवा पबमध्ये नोकरी करणारे. सर्वांना स्ट्रूपची सुधारलेली चाचणी दिली. जास्त पिणारे दारूच्या शब्दांवर अडखळले, मग ते बारमध्ये काम करणारे असोत वा नसोत. कमी पिणाऱ्यांत मात्र फक्त बारमध्ये काम करणारेच अडखळले. स्वतः फारसे न पिता, रोज दुसऱ्यांचे पेले भरणारी ही मुले!

संख्या लहान आहे, हे खरे. शिवाय बारमधली नोकरी धरणाऱ्यांचे लक्ष आधीपासूनच तिकडे असेल, ही शंका या प्रयोगाने फिटत नाही. त्यासाठी त्याच मुलांची चाचणी नोकरी धरण्यापूर्वी एकदा आणि काही महिन्यांनी पुन्हा एकदा घ्यावी लागेल.