जीप, टेप आणि ऐकण्याचा इतिहास

आपल्याकडे साहित्याचा इतिहास लिहिताना छापील पानाला जे महत्त्व मिळाले, ते कानाला कधी मिळाले नाही. मुद्रणालय केव्हा आले, पहिले नियतकालिक कोणते, ग्रंथालयांची चळवळ कशी वाढली, याची नोंद आपण काटेकोरपणे ठेवतो. परंतु ज्या समाजाचा मोठा भाग दीर्घकाळ निरक्षर होता, त्याने शब्द कुठे, कशातून आणि कोणाच्या मर्जीने ऐकला, हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या बाहेरच राहतो. कॅनडाचे संगीतकार आर. मरे शाफर यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एखाद्या प्रदेशाच्या भूदृश्याप्रमाणे त्याच्या ध्वनिदृश्याचाही अभ्यास व्हावा, असा आग्रह धरला होता. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या ध्वनिदृश्याचा एक छोटा, काहीसा उपेक्षित तुकडा विचारात घ्यायचा आहे: खडबडीत रस्त्यांवर धावणारी जीप आणि तिच्यात थोडक्या पैशांत बसवलेला ‘टेप’. विषय वरवर पाहता गॅरेजचा वाटेल. पण मराठी लोकगीताच्या अलीकडच्या इतिहासाशी त्याचा थेट संबंध आहे.

जीप हे मुळात युद्धाचे अपत्य. १९४१ नंतर अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या सैन्यासाठी तयार केल्या. या गाडीत करमणुकीच्या आवाजाला जागा नव्हती, पण आवाजाचा विचार मात्र होता. इंजिनाच्या ठिणग्यांमुळे बिनतारी संदेशयंत्रात खरखर येते, म्हणून काही गाड्यांच्या धातूच्या भागांना विणलेल्या तारांच्या पट्ट्यांनी एकमेकांशी जोडून ती खरखर दाबली जाई. अशा गाडीच्या बॉनेटवरील क्रमांकापुढे ‘एस’ हे अक्षर रंगवलेले असे. जीपमध्ये ऐकू येण्याजोगा आवाज हवा असेल तर आधी जीपचा स्वतःचा आवाज आवरावा लागतो, हा धडा असा सैन्याने प्रथम गिरवला. पुढे चाळीस वर्षांनी तालुक्याच्या गावातील वायरमननेही तोच धडा आपल्या परीने गिरवला.

भारतात ही गाडी रुळली ती स्वातंत्र्यानंतर. १९४५ साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेली कंपनी फाळणीनंतर, १९४८ साली, ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली आणि मुंबईत विलीज जीपची जुळणी होऊ लागली. पुढची दोनतीन दशके ग्रामीण महाराष्ट्रात जीप म्हणजे सरकार, असे समीकरण होते. तहसीलदार, फौजदार, गटविकास अधिकारी, पुढे साखर कारखान्याचा अध्यक्ष, ही सारी माणसे जीपमधून उतरत. या जीपला आवाज असला तर तो भोंग्याचा असे. कुटुंबनियोजनाचा प्रचार असो वा निवडणुकीचा, टपावरचा कर्णा एकाच दिशेने बोलत राही. भोंग्याची तांत्रिक रचनाही या कामाला साजेशीच आहे. थोड्या वॅटमध्ये तो दूरवर ऐकू जातो, परंतु खालचे स्वर त्यातून जवळजवळ येतच नाहीत. ढोलकीचा घुमारा त्याला पेलत नाही; हुकूम आणि घोषणा मात्र उत्तम पेलतात.

मोटारीत बसून गाणे ऐकण्याची कल्पना पाश्चात्त्य जगात याआधीच रुजली होती. १९३० साली अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने ‘मोटोरोला’ हा मोटारीतला रेडिओ बाजारात आणला. पण तेव्हा त्याची किंमत शंभर डॉलरच्या वर होती. म्हणजे सामान्य मोटारीच्या किमतीशी ताडून पाहता ती चैनच होती. शिवाय रेडिओत एक मूलभूत अट अंतर्भूत असते: काय ऐकायचे हे ऐकणारा ठरवत नाही. आपल्याकडे तर नभोवाणी ही सरकारची मक्तेदारी. बी. व्ही. केसकर नभोवाणीमंत्री असताना, १९५२ नंतर, आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपारच झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अखेर १९५७ साली ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. रेडिओसंच बाळगण्यासाठी पोस्टातून परवाना घेण्याची पद्धत तर ऐंशीच्या दशकापर्यंत चालू होती. ऐकणे ही परवान्याची गोष्ट होती, हे आजच्या विद्यार्थ्यांना सांगितले तर खरे वाटत नाही.

हे चित्र बदलले ते कॅसेटमुळे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ही छोटी फीत जगासमोर ठेवली. लू ओटेन्स हे तिच्यामागचे प्रमुख अभियंते. भारतात ती खऱ्या अर्थाने पसरली सत्तरीच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात. आखाती देशांत कामाला गेलेल्यांनी ‘टू-इन-वन’ आणले, पाठोपाठ देशी जुळणीचे संच आले. तोवर ध्वनिमुद्रणाच्या बाजारावर ग्रामोफोन कंपनीचे, म्हणजे ‘एच. एम. व्ही.’चे, वर्चस्व होते. ते पुढच्या काही वर्षांत मोडून पडले. पीटर मॅन्युएल यांच्या ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात उत्तर भारतापुरती ही उलथापालथ सविस्तर मांडलेली आहे. महाराष्ट्राविषयी तितक्या तोलामोलाचे काम मराठीत व्हायला हवे.

कॅसेटने गाण्याचा आकारही बदलला, याकडे साहित्याच्या अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यायला हवे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावत. त्या चौकटीत पोवाडा कापावा लागे, गवळण आवरती घ्यावी लागे. साठ मिनिटांच्या कॅसेटने एका बाजूला अर्धा तास दिला. त्यात अख्खे कथागीत बसू लागले, कीर्तनाचा पूर्वरंग बसू लागला, शाहिराला गाण्याच्या आधी चार शब्द बोलायला सवड मिळाली. मौखिक परंपरेतील विस्तार छपाईने जितका जपला नाही, तितका या स्वस्त फितीने जपला.

आता या कॅसेटला चाके कशी मिळाली ते पाहू. ऐंशी-नव्वदच्या दशकांत एस. टी. जिथे कमी पडे तिथे खाजगी जीप धावू लागली. पश्चिम महाराष्ट्रात तिला ‘वडाप’ म्हणतात, इतरत्र ‘काळी-पिवळी’. नऊदहा जणांच्या गाडीत पंधरा-सोळा माणसे, वर टपावर बोचकी. मालक बहुधा कर्जबाजारी, चालक रोजंदारीवर. सरकारी ताफ्यातून निकालात निघालेली जीपही या धंद्यात नव्याने उभी राहू शकत होती. एकेकाळी साहेबाची असलेली गाडी आता गावाची झाली, आणि तिला आवाज हवासा वाटू लागला.

हा आवाज थोडक्या पैशांत उभा करण्याची एक देशी विद्याच तयार झाली. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ही तिची पीठे. खोक्यावर ‘पी. एम. पी. ओ.’ या नावाखाली शेकडो वॅटचे आकडे छापलेले असत. प्रत्यक्षात बारा व्होल्टच्या बॅटरीवर, चार ओमच्या स्पीकरला, साध्या संचातून वीसेक वॅटच्या पुढे स्वच्छ आवाज मिळत नाही. ही मर्यादा कारागिरांना अनुभवाने ठाऊक होती. वॅट दुप्पट केले तरी आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो, कानाला तो जेमतेम जाणवतो. म्हणून हाती पैसा थोडा असेल तर तो अँप्लिफायरवर न उडवता आधी स्पीकर आणि त्याच्या पेटीवर घालावा, असा या विद्येचा पहिला नियम. उघडा स्पीकर पुढे जेवढी हवा ढकलतो तेवढीच मागे ओढतो, आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. त्याला बंदिस्त पोकळी हवी. घराघरांत आणि दुकानांत त्यासाठी मातीचा माठ वापरला गेला. हादरणाऱ्या जीपमध्ये माठ टिकणार नाही, म्हणून प्लायवूडची पेटी आली.

दुसरा नियम तारेचा. इंजिनाच्या गतीबरोबर चढत जाणारी शीळ स्पीकरमधून येत असेल, तर टेपला थेट बॅटरीपासून वेगळी जाड तार द्यावी, मध्ये फ्यूज घालावा आणि सगळ्याचे अर्थिंग एकाच ठिकाणी पक्के करावे. बॉनेटवरच्या त्या ‘एस’ अक्षराचा हाच अर्थ होता. अँप्लिफायर लागलाच तर ‘४४४०’ ही एकच आयसी घालून तो स्थानिक जुळणीत उभा राही. बिघडली तर कोपऱ्यावरच्या दुकानात ती बदलून मिळे, हा तिचा सर्वांत मोठा गुण. उघड्या जीपमध्ये वारा, गिअरची घरघर आणि ताडपत्रीची फडफड प्रामुख्याने खालचे स्वर गिळते. म्हणून या टेपांवर ढोलकी आणि गळा दोन्ही चढेच ठेवले जात. ज्याला आपण ‘कर्कश’ म्हणून नाक मुरडतो, त्या ध्वनिरुचीमागे असे भौतिक कारण आहे.

‘स्टिरिओ’ या शब्दाचाही येथे विचार करावा. इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी १९३१ साली ज्या द्विमार्गी ध्वनीचे पेटंट मागितले, त्यामागे दोन उगमांच्या मधोमध बसलेला एकटा, निवांत श्रोता गृहीत आहे. वडापमध्ये मधोमध कोणीच बसत नाही. चालक उजवीकडे, बाकीचे एकमेकांच्या मांडीवर. खोलीचा आभास देणारे हे तंत्र येथे केवळ दोन बाजूंना आवाज, एवढ्याच अर्थाने उरले. बोलीने स्टिरिओ हा शब्द बाजूला ठेवून ‘टेप’ हा शब्द स्वीकारला, तो उगाच नव्हे.

या टेपवर काय वाजत होते? भक्तिगीते, लावण्या, कोळीगीते, हिंदी चित्रपटगीते आणि भीमगीते. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांचे शब्द आणि स्वर ज्या वेगाने खेडोपाडी पोचले, तो वेग कोणत्याही प्रकाशनसंस्थेला साधला नाही. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे २००४ साली गेले, उमप २०१० साली. त्यांचा खरा वाचकवर्ग श्रोतृवर्ग होता, आणि तो जीपच्या बाकावर, चहाच्या टपरीवर, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेला होता.

मात्र या इतिहासाला नुसत्या लोकशाहीकरणाची गोड कथा समजणे चूक ठरेल. टेपची कळ चालकाच्या हाती होती; मागे दाटीवाटीने बसलेल्या बाईला द्व्यर्थी गाणे नको असले तरी उतरण्याखेरीज तिला पर्याय नव्हता. आकाशवाणीची मक्तेदारी गेली, तेथे चालकाची छोटी मक्तेदारी आली. दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. कोणते गाणे वाजते यावरून गाडी कोणाची हे गावाला कळते, आणि सर्व गाणी सर्व गल्ल्यांतून सारख्याच निर्धास्तपणे जाऊ शकत नाहीत. २०१५ साली शिर्डीत मोबाइलवर वाजलेल्या भीमगीताच्या रिंगटोनवरून झालेल्या वादात एका दलित तरुणाचा खून झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या. आवाजाच्या पातळीसाठी २००० सालापासून ध्वनिप्रदूषण नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळही आखून दिली आहे. पण कोणाचा आवाज गावाला ‘मोठा’ वाटतो हे डेसिबल मोजून कळत नाही. साहित्याच्या वर्गात आपण ‘विद्रोही आवाज’ असा शब्दप्रयोग सहज करतो. तो शब्दशः आवाज होता, बारा व्होल्टवर चालत होता आणि त्यासाठी किंमत मोजावी लागत होती, हे त्या वर्गात सांगितले गेले पाहिजे.

आज जीपचे रूप पालटले आहे. २०२० साली आलेल्या नव्या ‘थार’च्या वरच्या श्रेणींत कारखान्यातूनच स्पर्शपडदा येतो, गाणे मोबाइलमधून येते. १८० गुणिले ५० मिलिमीटरचा तो ठरलेला चौकोनी खाचा, ज्यात कोणत्याही कंपनीचा संच बसू शके, तो नव्या डॅशबोर्डांतून नाहीसा होतो आहे. त्याबरोबर थोडक्या पैशांत स्वतःच्या हाताने सुधारणा करण्याची मोकळीकही आकसते आहे.

यापेक्षा तातडीचा प्रश्न कॅसेटचा आहे. चुंबकीय फितीला दमटपणा लागतो, बुरशी धरते, थर सुटतो. त्या काळात निघालेल्या असंख्य मराठी कॅसेटी ग्रंथालयांच्या नोंदवह्यांत कधी आल्याच नाहीत, कारण त्या ‘पुस्तक’ नव्हत्या. आणि संगीताच्या अभ्यासकांनी त्यांना ‘संगीत’ मानले नाही. त्यांच्या वेष्टनांवर गीतकाराचे नाव, गावाचे नाव, कधी वर्षही असते. एवढी माहितीसुद्धा हस्तलिखितांच्या अभ्यासकाला मोलाची वाटली असती. मराठीच्या पदव्युत्तर विभागांनी दरवर्षी एखाद्या तुकडीला आपापल्या तालुक्यातील जुन्या जीपचालकांकडे, वायरमनकडे, कॅसेटच्या बंद पडलेल्या दुकानदारांकडे पाठवावे. वेष्टनांची छायाचित्रे घ्यावीत, फितींचे अंकीय रूपांतर करावे, गीतांची संहिता उतरवून घ्यावी. यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. चालू स्थितीतला एक टेप, एक जोडतार, एक संगणक आणि ऐकण्याची तयारी असली की कामाला सुरुवात करता येते.