तळ्याकडून समुद्राकडे

रायपूरजवळच्या उरला येथून शिकावयास येणाऱ्या एका विद्यार्थ्याने कोकणविषयक कादंबऱ्यांवरील व्याख्यान संपल्यावर मला विचारले होते, "सर, समुद्राच्या काठची ही माणसे पाणी कुठले पितात?" वर्गात हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. उरला हे नाव आज कारखान्यांसाठी ओळखले जात असले तरी मुळात ते गाव आहे, आणि छत्तीसगढच्या गावात वाढलेल्या मुलाला गावाची ओळख तळ्यापासून होते. तळ्यांची संख्या सांगावयाची झाली तर इकडे 'छै आगर छै कोरी' म्हणतात. सहा विसा आणि वर सहा, म्हणजे १२६. नव्या तळ्याच्या मध्यभागी लाकडी स्तंभ रोवून त्याचे लग्न लावावयाचे आणि मगच त्याचे पाणी वापरात आणावयाचे, अशी जुनी रीत. १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांच्या अमदानीत या प्रांतात स्थिरावलेल्या मराठी घराण्यांनाही ती परकी राहिली नाही. अशा मुलुखातील वाचकाने मराठी साहित्यातील कोकण वाचताना गोड्या पाण्याची विचारणा करावी, यात नवल ते कोणते?

त्या दिवशी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. घरी येऊन पुस्तके चाळली तेव्हा जाणवले की, आपल्या कोकणविषयक लेखनात समुद्र जितका आहे तितके गोडे पाणी नाही. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये पोहण्यास भिणाऱ्या मुलाला आई विहिरीवर पाठविते, समुद्रावर नव्हे. हा तपशील आपण संस्कारकथा म्हणून वाचतो आणि पुढे जातो. श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू'त (१९५२) माणसांचे उग्र स्वभाव आणि भोवतालचा निसर्ग एकमेकांत मुरलेले आहेत. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कोंडुरा'त (१९६६) समुद्र जवळजवळ दैवताच्या पदाला पोहोचतो. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्यास शिक्षक होते. जयवंत दळवींचे आरवली तेथून जवळच. वेंगुर्ले-मालवणच्या या चिंचोळ्या पट्ट्याने मराठीला किती लेखक दिले, याची गणती नेहमी अभिमानाने केली जाते. ही गावे नेमकी तेथेच का वसली, हा प्रश्न मात्र समीक्षेने क्वचितच विचारला. तो समीक्षेचा नव्हे, भूगोलाचा आहे, असे म्हणून आपण सुटका करून घेतली. ही सुटका मला पटत नाही.

कोकणी माणूस मूळचा चालणारा. पण मराठीतील त्याच्या चालण्याची आरंभीची मोठी कथा समुद्राकडे पाठ फिरवून लिहिलेली आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घाट चढून उत्तरेकडे निघाले आणि त्यांचे 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाले. दूरचा प्रवास तेवढा प्रवास; वाडीपासून बंदरापर्यंतचे रोजचे चालणे हे लिहिण्याजोगे नाही, अशी आपली समजूत त्यानंतरही टिकून राहिली. वस्तुतः बोटी लागत होत्या त्या काळात मुंबईहून आलेला चाकरमानी पडावातून किनाऱ्यावर उतरला की पुढचे सारे पायांवरच असे. पुळण, खाजणाचा बांध, तरीची होडी, मग पाखाडी, साकव, पाणंद आणि शेवटी घराचा गडगा, असा तो क्रम. या वाटेचे वेळापत्रक समुद्र ठरवी. सुकतीला जी पुळण चालता येई ती भरतीला बुडे. उधाणाच्या दिवसांत खाडीचे पाणी जेथवर चढे, तेथवर ते भांगाच्या दिवसांत येत नसे. हे सारे ज्ञान पायांत साठविलेले होते. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी-सावंतवाडीच्या गॅझेटियरमध्ये बंदरांची माहिती तपशिलाने मिळते. गावची म्हातारी माणसे सांगतात ते चालण्याचे बारकावे मात्र तेथे शोधूनही सापडावयाचे नाहीत.

१९८७ च्या मे महिन्यात, प्रबंधाचे काम चालू असताना, मी मालवणहून तारकर्लीच्या पुळणीने आणि पुढे कर्लीच्या खाडीकाठाने काळसे-धामापूरच्या बाजूला पायी गेलो होतो. तेव्हा माझ्या मनात तळे नव्हते. खानोलकरांच्या कुडाळपर्यंत चालत जावे, एवढाच हौशी बेत होता. वाटेत सडा लागला. ज्यांनी मे महिन्यातला जांभ्याचा सडा पाहिलेला नाही, त्यांना कोकणातील पाण्याचे कोडे कळणे कठीण. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. परंतु जांभा सच्छिद्र, उतार तीव्र आणि समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे हे पाणी थांबत नाही. व्हाळ दिवाळीनंतर बारीक होतात, होळीनंतर आटू लागतात. किनाऱ्याच्या वाळूत विहीर खणली तर गोडे पाणी लागते खरे. पण ते खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या पातळ थराचे असते आणि जास्त उपसले की खालचे खारे पाणी वर येते. एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस खाडी असलेल्या देवबागसारख्या गावाला हे शिकवावे लागत नाही. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्या चहूकडून खाऱ्या पाण्याने वेढलेल्या किल्ल्यातील तीन गोड विहिरींना लोकांनी दूध, दही आणि साखर अशी नावे दिली. किल्ल्याचे वर्णन करणारे तटाची लांबी आवर्जून सांगतात; मला ही नावे अधिक बोलकी वाटतात.

सडा उतरून झाडीत शिरलो आणि अकस्मात समोर पाणी आले. दोन डोंगरांच्या मधली घळ बांध घालून अडविलेली, काठावर भगवतीचे देऊळ, आणि मे महिन्यातही भरलेले ते गर्द पाणी. हे धामापूरचे तळे. विजयनगरच्या राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांनी ते १५३० साली गावकऱ्यांच्या साहाय्याने बांधले, असे परंपरा सांगते. कृष्णदेवरायाचे निधन १५२९ चे आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतले ते १५१० साली. म्हणजे किनाऱ्यावर आरमारी सत्तांचा झगडा पेटलेला असताना आत, खाडीच्या माथ्यावर, कोणी तरी शेतीच्या आणि पिण्याच्या पाण्याची व्यवस्था लावीत होते. आपल्या इतिहासलेखनाला पहिल्या गोष्टीचे जेवढे आकर्षण, तेवढे दुसरीचे नाही.

तळ्याविषयी एक आख्यायिका आहे. घरी लग्नकार्य असले आणि अंगावर घालावयास दागिने नसले की गरीब बाईने फुलांची परडी पाण्यात सोडावी आणि हवे ते मागावे. परडी दागिन्यांनिशी वर येई. कार्य उरकल्यावर दागिने परत करावयाचे. एकदा कोणी तरी ते परत केले नाहीत आणि तेव्हापासून तळ्याने देणे थांबविले. अशा कथा इतरही पाणवठ्यांविषयी ऐकावयास मिळतात, त्यामुळे तिचे वेगळेपण सांगण्याचा मोह टाळला पाहिजे. परंतु ती देवीच्या चमत्काराची कथा म्हणून ऐकणे मला अपुरे वाटते. जे सर्वांचे आहे ते उसने घ्यावयाचे असते, हा पाणीवाटपाचा नियमच येथे दागिन्यांच्या भाषेत सांगितला आहे. छत्तीसगढात तळ्याचे लग्न, इकडे तळ्याकडून लग्नाचे दागिने. दोन्हीकडे पाण्याला नात्यात ओढण्याची धडपड एकच.

२०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निस्सारण आयोगाने धामापूर तळ्याचा जागतिक वारसा सिंचनस्थळांच्या यादीत समावेश केला. बातमी वाचून आनंद झाला, आणि थोडा संकोचही. कारण माझ्या जुन्या प्रबंधात या तळ्याला एक तळटीपही नव्हती. त्यानंतर मी पुन्हा तेथे गेलो. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाल्यापासून तारकर्लीची पुळण ओळखीची राहिलेली नाही. खाड्यांवर पूल झाले तशा तरी बंद पडत गेल्या, ही तक्रार करण्याची गोष्ट नव्हे. आजाऱ्याला रात्री पलीकडे न्यावयाचे असेल त्याला पुलाची किंमत विचारावी. पण वाट मोडली की तिच्यावरचे पाणवठेही विस्मरणात जातात. ज्या पाणंदीने मी गेलो होतो ती एका जागी गडगा घालून बंद केलेली आढळली. बंद करणाऱ्याने वळसा दाखविला आणि पाणीही दिले.

परतताना मालवणात मुक्काम होता. खोलीतल्या नळाचे पाणी कुठले, म्हणून उतारघराच्या मालकिणीला विचारले. "धामापूरचां," ती म्हणाली, आणि एवढे साधे विचारावयास हा माणूस रायपूरहून आला काय, अशा नजरेने माझ्याकडे पाहिले. मी तेथेच बसून उरल्याच्या त्या विद्यार्थ्याला पत्र लिहिले. आता तो स्वतः अध्यापक आहे. उत्तरादाखल त्याने दुसरा प्रश्न पाठविला आहे: तळे खणणाऱ्या आणि बांध घालणाऱ्या माणसांची नावे कुठे लिहिलेली आहेत काय?