मांडीवरचे दप्तर

मराठीत ‘दप्तर’ या एका शब्दाचे दोन संसार आहेत. सरकारी कागदपत्रांचा साठा म्हणजे दप्तर, आणि शाळकरी पोराच्या पाठीवरची पिशवी म्हणजेही दप्तरच. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेले लक्षावधी कागद आहेत. त्यांतले बरेचसे लिहिताना कारकून जमिनीवर बैठक मारून, एक गुडघा उभा करून, त्यावर कागद टेकवून लिहीत असे. त्याच काळी पंतोजींच्या शाळेतला पोरगा धूळपाटीवर अक्षरे गिरवत असे. पुढे दगडी पाटी आली तेव्हा तीही त्याच्या मांडीवरच आली. टेबल-खुर्ची आपल्याकडे साहेबाबरोबर रुजली. त्याआधी आपली कचेरी आणि आपली शाळा या दोन्ही गोष्टी माणसाच्या मांडीवर मांडलेल्या होत्या.

हे मला आठवले ते २०२० साली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. आमच्या घरात लॅपटॉप एकच होता आणि त्याच्यावर हक्क सांगणारी माणसे तीन. मला महाविद्यालयातले इतिहासाचे तास घ्यायचे होते, पत्नीला ऑफिसचे काम होते आणि नऊ वर्षांच्या मुलीची शाळा भरणार होती. मी एका कोऱ्या कागदावर वेळापत्रक लिहिले आणि फ्रिजवर चिकटवले. सकाळ माझी, दुपार पत्नीची, संध्याकाळी मुलीचा अभ्यास आणि शेवटच्या ओळीत ‘उरल्यास खेळ’. मुलीची शाळा खरे तर सकाळीच असे. ती तिने माझ्या फोनच्या चार बोटे रुंद पडद्यावर केली. त्या वेळी यात वावगे काही वाटले नाही. काम, मग अभ्यास, मग खेळ, हा क्रम घरातल्या कुणीच विचारला नाही.

नंतर मात्र लॅपटॉपचा इतिहास वाचताना मी थबकलो. ज्या माणसाने या यंत्राची कल्पना प्रथम नीट मांडली, त्याचा क्रम माझ्या वेळापत्रकाच्या नेमका उलटा होता.

त्या माणसाचे नाव अॅलन के. १९६८च्या सुमारास त्यांनी सेमूर पॅपर्ट यांचे काम पाहिले. पॅपर्ट लहान मुलांना ‘लोगो’ या भाषेतून संगणकाला आज्ञा द्यायला शिकवत होते. संगणक तेव्हा खोलीभर जागा व्यापत असे आणि त्याची वेळ भाड्याने घ्यावी लागे. अशा काळात के यांनी ठरवले की मुलाला स्वतःचा संगणक हवा, पुस्तकासारखा, हातात धरण्याजोगा. त्यांनी पुठ्ठ्याचा एक नमुना केला आणि तो किती जड झालेला चालेल हे पाहण्यासाठी त्यात शिशाचे छर्रे भरले. जगातला पहिला लॅपटॉप म्हणायचा तर तो हा: पुठ्ठा आणि शिसे.

१९७२ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात असताना के यांनी या यंत्रावर, ‘डायनाबुक’वर, निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच हा वैयक्तिक संगणक ‘सर्व वयांच्या मुलांसाठी’ असल्याचे म्हटले आहे. निबंधाची सुरुवात एका बागेत होते. जिमी आणि बेथ ही नऊ वर्षांची दोन मुले गवतावर पडून, आपापली डायनाबुके एकमेकांना जोडून, अवकाशयुद्धाचा खेळ खेळत आहेत. खेळता खेळता त्यांना प्रश्न पडतो की यात सूर्य घातला तर यानांचे काय होईल? त्या प्रश्नातून ती गुरुत्वाकर्षणाच्या अभ्यासाकडे वळतात. म्हणजे के यांच्या मते खेळ आधी, खेळातून अभ्यास, आणि काम यथावकाश. असे यंत्र बनवण्याची साधने तेव्हा नव्हती. १९७३ साली त्याच केंद्रात ‘आल्टो’ तयार झाला, पण तो टेबलाला जखडलेला होता. तरीही के आणि त्यांच्या सहकारी अॅडेल गोल्डबर्ग यांनी आल्टोवर शाळकरी मुलांना बसवले आणि त्या मुलांनी चित्रे काढण्याचे स्वतःचे प्रोग्रॅम लिहिले.

यंत्र प्रत्यक्ष बाजारात आले तेव्हा बाग आणि मुले दोन्ही मागे पडली होती. एप्रिल १९८१मध्ये ‘ऑसबर्न १’ हा संगणक आला. किंमत १,७९५ डॉलर, वजन सुमारे ११ किलो, पडदा पाच इंचांचा. शिवणयंत्राच्या पेटीसारखी ही पेटी मांडीवर ठेवण्याची गोष्टच नव्हती. ती विमानातल्या आसनाखाली मावावी एवढीच अपेक्षा होती आणि चालवायला भिंतीतली वीज लागे. तिचे निर्माते अॅडम ऑसबर्न यांचे बालपण तमिळनाडूत गेले होते. त्यांचे वडील आर्थर ऑसबर्न हे रमण महर्षींचे भक्त आणि चरित्रकार. अॅडम यांची कंपनी १९८३मध्ये दिवाळखोरीत निघाली. पुढे ते भारतात परतले आणि २००३ साली कोडाईकनाल येथे वारले. त्यांनी एक गोष्ट मात्र ओळखली होती. पेटीबरोबर लेखनाचा वर्डस्टार आणि हिशेबाचा सुपरकॅल्क हे प्रोग्रॅम त्यांनी त्याच किमतीत दिले. म्हणजे पेटी कशासाठी, हे विकणाऱ्यानेच ठरवून टाकले: पत्रे आणि हिशेब.

पुढच्याच वर्षी, १९८२मध्ये, ‘ग्रिड कंपास’ आला. पडदा कळफलकावर झाकणासारखा मिटण्याची आजची रचना बिल मॉगरिज यांनी याच यंत्रासाठी केली. आवरण मॅग्नेशियमचे, किंमत ८,१५० डॉलर. अमेरिकेच्या अवकाशयानांतून तो फिरून आला. गिऱ्हाईक होते बडे अधिकारी आणि सरकारी खाती. येथे एक मजेदार अडचण आली. जेफ हॉकिन्स तेव्हा या कंपनीत होते आणि त्यांनी पुढे सांगितले आहे की साहेबलोक कळफलकाला हात लावायलाच संकोचत. टंकलेखन हे टंकलेखिकेचे काम. साहेबाने चारचौघांत टाइप करताना दिसणे म्हणजे कमीपणा. यंत्र छोटे झाले, महाग झाले, पण त्याच्यासमोर कुणी बसायचे हा प्रश्न इंचा-किलोंचा नव्हता, हुद्द्याचा होता.

हा संकोच ज्यांना परवडणारा नव्हता त्यांनी यंत्र आपलेसे केले. १९८३च्या ‘टीआरएस-८० मॉडेल १००’चे वजन दीड किलोच्या आत होते. पडद्यावर ४० अक्षरांच्या आठ ओळी दिसत आणि साध्या चार पेन्सिल सेलवर ते सुमारे वीस तास चाले. अंगभूत मोडेममुळे मजकूर टेलिफोनच्या तारेवरून धाडता येई. अमेरिकेतल्या वार्ताहरांनी ते डोक्यावर घेतले. मॅचच्या मैदानावर, न्यायालयाच्या पायरीवर, गाडीच्या सीटवर बसून बातमी लिहायची आणि तेथूनच पाठवायची. मांडीवर बसून काम करणारा पहिला मोठा वर्ग हा असा लेखणीवाल्यांचा होता. आपल्या कारकुनाचा उभा गुडघा येथे पुन्हा दिसतो.

१९९१च्या पॉवरबुकमध्ये अॅपलने कळफलक मागे, पडद्याकडे सरकवला आणि पुढच्या मोकळ्या जागेत तळहात टेकायची सोय केली. १९९२च्या थिंकपॅडसाठी रिचर्ड सॅपर यांनी जपानी जेवणाच्या काळ्या डब्याचे रूप घेतले: बाहेरून साधी पेटी, उघडल्यावर आत सगळे मांडलेले. ऑफिसला डबा नेणाऱ्या माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

आणि खेळ? तो चोरवाटेने आला. १९९०मध्ये विंडोज ३.० बरोबर पत्त्यांचा ‘सॉलिटेअर’ आला. लोकांना माउसने वस्तू उचलून हलवायची सवय व्हावी, असे त्याचे समर्थन होते. हा खेळ वेस चेरी या उमेदवारी करणाऱ्या तरुणाने लिहिला होता, पत्त्यांची चित्रे सुझन केअर यांनी काढली. चेरी यांनी त्यात एक कळ ठेवली होती: साहेब आला की ती दाबायची, पत्ते गायब आणि पडद्यावर खोटा हिशेबतक्ता हजर. कंपनीने ती काढायला लावली. खेळ चालेल, पण तो लपवण्याची सोय उघडपणे देता येणार नाही, असा हा हिशेब. जिमी-बेथचा खेळ अभ्यासाकडे नेत होता. ऑफिसातला खेळ कामापासून लपत होता. वस्तू एकच, पण मालक बदलला की खेळाची इभ्रतही बदलते.

मराठी माणसाच्या बाबतीत आणखी एक अडथळा होता, लिपीचा. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने ‘जिस्ट’ तंत्रावर काम केले. मेजावरच्या संगणकाच्या पोटात एक कार्ड बसवायचे, मग पडद्यावर देवनागरी उमटे. लॅपटॉपच्या पोटात असे कार्ड बसवायला सहसा जागाच नसे. विंडोज २०००पासून युनिकोडच्या आधारे देवनागरी त्या संगणकप्रणालीतच आली आणि लिपी खऱ्या अर्थाने मांडीवर बसली. तरी आजही दुकानात मिळणाऱ्या बहुतेक लॅपटॉपच्या कळांवर रोमन अक्षरेच छापलेली असतात. हा लेख मी तसल्याच कळांवर लिहिला आहे. मराठी शाळेतल्या मुलाला ‘क’ लिहायला आधी ‘के’ शोधावा लागतो. यंत्र कुणाला गृहीत धरून बनले, याचा पुरावा त्याच्या कळांवर उघडा पडलेला असतो.

के यांचे स्वप्न पुन्हा उजेडात आणले निकोलस नेग्रोपाँटी यांनी. जानेवारी २००५मध्ये दावोस येथे त्यांनी गरीब देशांतल्या मुलांसाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप जाहीर केला. २००७मध्ये हिरवा-पांढरा ‘एक्सओ’ तयार झाला तेव्हा त्याची किंमत शंभर डॉलरच्या बरीच पुढे गेली होती. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६मध्येच योजना नाकारली होती: वर्गखोल्या आणि शिक्षक यांची निकड अधिक आहे, हे त्यांचे म्हणणे. तरीही भारतातला पहिला प्रयोग झाला तो महाराष्ट्रात. २००७च्या अखेरीस रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट या धनगरवाड्यावर, एकशिक्षकी शाळेतल्या २२ मुलांना हे लॅपटॉप मिळाले. जी मुले पाटीवर लिहीत होती त्यांच्या मांडीवर पाटीच्याच आकाराचे यंत्र आले.

या मोहिमेचे यशापयश सरळ सांगता येत नाही. पेरू देशातील ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. गणित आणि भाषेच्या परीक्षांत लॅपटॉपमुळे फरक पडल्याचे दिसले नाही. सर्वसाधारण आकलनशक्तीत मात्र काहीशी वाढ आढळली. टीकाकारांनी पहिले वाक्य उचलले, समर्थकांनी दुसरे. मला त्यात दिसते ते असे की शिक्षकाची तयारी न करता वाटलेले यंत्र मुलाला धडा शिकवत नाही. जिमी आणि बेथही आपला प्रश्न घेऊन शेवटी शिक्षकाकडेच गेले होते. निबंधातला हा भाग वाटप करणाऱ्यांनी बहुधा भरभर वाचला.

तमिळनाडूने सप्टेंबर २०११पासून सरकारी आणि अनुदानित शाळा-महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप द्यायला सुरुवात केली. पण देशाचे एकूण चित्र राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८च्या फेरीत दिसते. टॅबलेट धरूनही, संगणक असलेली कुटुंबे शहरांत २३.४ टक्के आणि ग्रामीण भागात ४.४ टक्के होती. दोनच वर्षांनी शाळा पडद्यावर गेल्या. आमच्या घरात एका लॅपटॉपसाठी वेळापत्रक करावे लागले, ही तक्रार करण्यासारखी गोष्ट नव्हती. वेळापत्रक करण्याजोगी वस्तू होती, हेच भाग्य होते.

पण भाग्यवान घरातही वाटणी कशी झाली, हा प्रश्न उरतोच. पन्नास वर्षांत हे यंत्र मुलांसाठी कल्पिले गेले, साहेबांसाठी घडले, वार्ताहरांनी वापरले आणि २००८च्या तिसऱ्या तिमाहीत जगभरच्या विक्रीत मेजावरच्या संगणकाच्या पुढे गेले. या सगळ्या प्रवासात काम पुढच्या रांगेत बसले, अभ्यासाला मागे जागा मिळाली आणि खेळाला दाराबाहेर उभे राहावे लागले. मी इतिहास शिकवतो. तरी फ्रिजवरचा कागद लिहिताना तोच क्रम माझ्या हातून उतरला. पगार कामाचा येतो, त्यामुळे त्या दिवसांत दुसरे काही करता आले नसते, हे खरे आहे. पण त्या क्रमात आमच्या मुलीच्या वाट्याला काय आले हे मी तेव्हा मोजले नाही, हेही तितकेच खरे आहे. सकाळच्या तासाला मी पानिपतानंतरचा महाराष्ट्र शिकवत असे आणि शेजारच्या खोलीत ती फोन डोळ्यांजवळ धरून फळ्यावरची बेरीज वाचण्याचा प्रयत्न करत असे.

नेग्रोपाँटी कंबोडियातल्या एका खेड्याची हकिकत सांगत. त्या गावात वीज नव्हती. मुले शाळेतून लॅपटॉप घरी घेऊन गेली तेव्हा आईवडील खूश झाले, कारण उघडलेला लॅपटॉप हा घरातला सर्वांत उजळ दिवा होता. काम, अभ्यास, खेळ यांपैकी काहीच नाही. फक्त उजेड, आणि तो घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी पुरणारा.

मागल्या वर्षी घराला रंग देताना ते वेळापत्रक फ्रिजच्या मागे पडलेले सापडले. इतिहासाच्या माणसाला कागद टाकवत नाही. मी तो माझ्या दप्तरात ठेवला आहे. शेवटच्या ओळीतल्या ‘उरल्यास’ या शब्दावर पेन्सिलीने एक आडवी रेघ मारलेली आहे. ती तिने केव्हा मारली, हे मी अजून विचारलेले नाही.