दयेला हवा हुन्नर

जखमी पाखरू दिसलं की आपला हात आपोआप पुढे होतो. त्याला ओंजळीत घ्यावं, चोचीत पाणी घालावं, दुधात भिजवलेला पावाचा तुकडा भरवावा, असं वाटतं. ही दया आपण आईच्या पोटातूनच घेऊन येतो. पण त्या पाखराला बरं करून पुन्हा त्याच्या आभाळात सोडायचं असेल, तर मात्र शिकावं लागतं. चोचीत घातलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊन पाखरू दगावू शकतं, आणि दूध तर त्याला पचतच नाही. जखमी वन्यजीवाला बरं करून परत निसर्गात सोडण्याच्या या विद्येला वन्यजीव पुनर्वसन म्हणतात. तिचा रीतसर इतिहास जेमतेम साठ वर्षांचा आहे. त्यातली काही महत्त्वाची पानं समुद्राकाठी लिहिली गेली, म्हणून आम्हा कोकणच्या माणसांना तो जवळचा वाटावा.

सुरुवात एका युद्धापासून करू. जून १९६७ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि सुएझ कालवा बंद झाला. तो उघडला थेट १९७५ साली. मधली आठ वर्षं आखाती देशांतून युरोपकडे जाणारी तेलवाहू जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, केपटाऊनवरून जाऊ लागली. इथे थोडं घरचं सांगते. रत्नागिरी-रायगडकडच्या कोकणी मुसलमान घरांना केपटाऊन हे नाव परकं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आमच्याकडची कितीतरी माणसं पोटासाठी तिकडे गेली, दुकानं थाटून राहिली. माझ्या आजीच्या बोलण्यात मुंबई जितक्या सहज यायची, तितक्याच सहज 'केप' यायचं. मात्र तिथे पेंग्विन असतात, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

तिथले पेंग्विन बर्फातले नव्हेत. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या किनाऱ्यावर आणि लहानमोठ्या बेटांवर ते राहतात, गाढवासारखे ओरडतात आणि तारलीसारख्या मासळीवर जगतात. १९६८ साली 'एसो एसेन' या जहाजातून तेल सांडलं आणि हे पक्षी काळे होऊन किनाऱ्याला लागले. अल्थिया वेस्टफाल नावाच्या बाईंनी त्यांना आपल्या घरी नेऊन सांभाळायला सुरुवात केली. त्यातूनच त्याच वर्षी 'सॅनकॉब' ही समुद्रपक्ष्यांची संस्था उभी राहिली. ती आजही काम करते आहे.

तेलानं पक्ष्याचं होतं काय? पक्ष्याची पिसं कौलांसारखी एकमेकांत बसलेली असतात, म्हणून पाणी आत जात नाही आणि अंगाची ऊब बाहेर जात नाही. तेल लागलं की ही कौलं विस्कटतात. थंड पाणी थेट कातडीला भिडतं आणि पक्षी गारठतो. तो चोचीनं पिसं साफ करू पाहतो, तेव्हा तेल पोटात जातं. आतड्यांना इजा होते, रक्त कमी होतं, अंगातलं पाणी आटतं. अशा पक्ष्याला पाहिल्यावर कुणालाही वाटेल की आधी याला धुवायला हवं. नेमकं तेच आधी करायचं नसतं. गारठलेला, उपाशी जीव धुण्याच्या धकाधकीत दगावतो. आधी ऊब, मग नळीनं पाणी आणि पातळ अन्न. अंगात थोडी ताकद आली की मग आंघोळ. हा एवढासा क्रम जगाला कळण्यासाठी हजारो पक्ष्यांचे प्राण गेले.

जानेवारी १९७१ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत धुक्यात दोन तेलवाहू जहाजांची टक्कर झाली. सुमारे आठ लाख गॅलन तेल पाण्यात गेलं. शहर धावून आलं. विद्यार्थी, गृहिणी, नोकरदार अशा सगळ्यांनी मिळून चार हजारांहून जास्त पक्षी किनाऱ्यावरून उचलले आणि जागा मिळेल तिथे तात्पुरती केंद्रं थाटली. माणसांची, मायेची कमतरता नव्हती. पण काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या पक्ष्यांपैकी जेमतेम तीनशे जगून परत पाण्यात गेले.

त्या धावपळीत ॲलिस बर्कनर नावाची एक नर्स होती. नर्सला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की रुग्णावर जीव असणं वेगळं आणि त्याची शुश्रूषा करता येणं वेगळं. तिनं त्याच वर्षी पक्षी वाचवणारी संस्था सुरू केली. कशानं तेल निघतं, कशानं कातडी भाजते, कुठल्या पाण्यात किती वेळ ठेवायचं, याचे प्रयोग सुरू झाले. सुरुवातीला वापरलेली रसायनं पक्ष्यांनाच बाधायची. अखेर सत्तरच्या दशकाच्या शेवटी उत्तर सापडलं ते स्वयंपाकघरात. भांडी घासायचा पातळ साबण सगळ्यात चांगला ठरला! मात्र त्यातही एक मेख आहे. धुण्याइतकंच खळबळणं महत्त्वाचं. पिसांत साबणाचा अंश राहिला, तरी पाणी आत शिरतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

१९७२ साली कॅलिफोर्नियात वन्यजीव पुनर्वसन करणाऱ्यांची एक परिषद स्थापन झाली. तीच पुढे आंतरराष्ट्रीय झाली. १९८२ साली अमेरिकेत आणखी एक राष्ट्रीय संघटना उभी राहिली. घरोघरी एकेकट्यानं जे शिकलं जात होतं, त्याचे वर्ग भरू लागले, पुस्तिका निघाल्या, पुढे परीक्षाही आल्या. काय शिकवतात या वर्गांत? जनावर धरायचं कसं, वजन का करायचं, कुणाला काय खायला द्यायचं, पिंजरा केवढा हवा, प्राण्यांचे कुठले रोग माणसाला होतात, कायदा काय सांगतो. आणि सगळ्यांत अवघड धडा म्हणजे कुणाला वाचवता येणार नाही हे ओळखून त्याच्या यातना थांबवायच्या कधी.

आता पुन्हा केपटाऊनला जाऊ. जून १९९४ मध्ये 'अपोलो सी' हे खनिजवाहू जहाज ३६ खलाशांसह बुडालं. त्याच्या तेलात माखलेले सुमारे दहा हजार पेंग्विन गोळा झाले. सॅनकॉबकडे तोवर पंचवीस वर्षांचा अनुभव होता, पण इतक्या संख्येची सवय नव्हती. कोंदट गाड्यांतून नेताना अनेक पक्षी उष्म्यानं मेले. अखेर निम्मे वाचले. निम्मे का गेले, याची मात्र नीट नोंद झाली. वाचलेल्या पक्ष्यांच्या पंखांना कडी घालून पुढली काही वर्षं त्यांच्यावर नजर ठेवली गेली. धुतलेले पक्षी जगतात, पिल्लंही घालतात, हे त्यातून दिसलं.

या नोंदी सहा वर्षांत उपयोगी पडल्या. २३ जून २००० रोजी 'ट्रेझर' हे जहाज बुडालं, तेही रॉबेन आणि डासेन या पेंग्विनांच्या दोन मोठ्या वसाहतींच्या मधोमध. रॉबेन बेट म्हणजे नेल्सन मंडेलांना जिथे १८ वर्षं कैदेत ठेवलं होतं ते बेट. मंडेलांच्या कितीतरी आधी डचांनी आशियातून हद्दपार केलेल्या मुसलमान कैद्यांनाही तिथे ठेवलं होतं. त्यातल्या एका सत्पुरुषाचा दर्गा आजही बेटावर आहे. अशा बेटावरून त्या वर्षी पेंग्विनांची सुटका करायची होती.

सुमारे १९ हजार पेंग्विन तेलानं माखले होते. रेल्वेच्या एका मोठ्या शेडमध्ये त्यांची छावणी उभी राहिली. ज्यांना अजून तेल लागलेलं नव्हतं, अशा जवळपास साडेएकोणीस हजार पक्ष्यांना या वेळी हवेशीर खोक्यांतून पोर्ट एलिझाबेथजवळ नेऊन सोडलं. ते पोहत घरी येईपर्यंत समुद्र साफ करून घ्यायचा, असा बेत होता. त्यातल्या तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली होती. पीटर, पॅमेला आणि पर्सी अशी त्यांची नावं. आठशेहून जास्त किलोमीटरचा त्यांचा परतीचा प्रवास लोक रोज पाहत होते. बेत फळाला आला.

शेडमधल्या कामाला हजारो स्वयंसेवक आले. जगभरातून आलेल्या जाणत्या लोकांनी आधी त्यांना शिकवलं, मग कामाला लावलं. पेंग्विनची चोच बोटं फाडते, तेव्हा डोकं मागून धरायचं. मेलेली मासळी तो आपणहून खात नाही, म्हणून तारली डोक्याकडून घशात सरकवायची. डोळ्यांभोवती दात घासायच्या ब्रशनं साफ करायचं. त्याच्याशी लाडानं बोलायचं नाही. माणसाचा आवाज त्याला धाकच वाटतो. शिकलेल्यानं दुसऱ्या दिवशी नवख्याला शिकवायचं. अशा रीतीनं तेल लागलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास पक्षी वाचले.

चार हजारांतले तीनशे, मग निम्मे, मग दहातले नऊ. ही तुलना अगदी काटेकोर नाही. पक्ष्यांच्या जाती वेगळ्या होत्या, आणि पेंग्विन मुळातच चिवट असतो. तरीही मधल्या तीस वर्षांत दया तेवढीच राहिली आणि हात शिकले, एवढं तर नक्की.

आपल्याकडे दयेची परंपरा याहून कितीतरी जुनी आहे. मुंबईचा पांजरपोळ १८३४ सालचा, एका पारशी आणि एका जैन शेठजींच्या पुढाकारानं सुरू झालेला. पण पांजरपोळात जनावर शेवटपर्यंत सांभाळायचं असतं. पुनर्वसनात ते परत जायला हवं. हातानं वाढवलेलं पिल्लू माणसालाच आई समजू लागलं, तर ते जगलं तरी रानाला मुकलं. आम्ही कवी मंडळी मायेबद्दल पुष्कळ लिहितो. पण ज्याला जगवलं त्यानं आपल्याला ओळखूही नये, अशी माया मला या लोकांनीच दाखवली.

दिल्लीत नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे दोन भाऊ वर्षानुवर्षं मांजानं कापलेल्या घारींवर उपचार करत आले आहेत. त्यांच्यावरचा 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट २०२२ साली जगभर गाजला. व्यायामशाळेत स्नायूंची जी ओळख झाली होती, तिच्या आधारानं त्यांनी सुरुवात केली. त्यांच्या जिद्दीला सलाम. पण अशा माणसांना तळघरात एकट्यानं शिकावं लागू नये, असंही वाटतं. काझीरंग्याजवळ २००२ पासून पुनर्वसन केंद्र आहे. तिथे वाढवलेली गेंड्याची पिल्लं पुढे मानसच्या जंगलात सोडली गेली. नागपूरजवळ गोरेवाड्याला वन्यजीव संशोधन आणि प्रशिक्षणाचं केंद्र आहे. डहाणूला जखमी समुद्री कासवांवर उपचार होतात.

पण पावसाळ्यात कासव किनाऱ्याला लागलं की अजूनही कुणीतरी भल्या मनानं त्याला पुन्हा लाटेत ढकलतो. ते आजारी असतं म्हणूनच बाहेर आलेलं असतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ 'एमएससी चित्रा'ची टक्कर झाली आणि तेल पसरलं. डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या एन्नोर खाडीत पेलिकन पक्षी तेलानं डागाळले. मे २०२५ मध्ये केरळसमोर आणखी एक जहाज बुडालं.

केपचा पेंग्विन २०२४ साली अतिसंकटग्रस्त ठरला. समुद्रात त्याच्यासाठी मासळीच पुरेशी उरलेली नाही, आणि हे दुखणं कुठल्याही साबणानं जाणारं नाही. तरी १९९४ आणि २००० साली ते हात तयार नसते, तर आज मोजायला आणखी कमी पक्षी उरले असते. पुढचं जहाज आपल्या किनाऱ्यावर कधी फुटेल, हे कुणाला ठाऊक? डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत प्रत्येक बंदरात पाच-दहा कोळी पोरापोरींना, वनरक्षकांना, शिक्षकांना हे काम आजच शिकवून ठेवता येईल. धावून येणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. ती धावून येतील तेव्हा, आधी काय करायचं आणि काय करायचं नाही, हे सांगणारं कुणीतरी तिथे उभं असायला हवं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)