भिंतीचा रंग कोण ठरवतो? चुन्यापासून शेड कार्डापर्यंत

गेल्या वर्षी के. आर. पुरममधील आमच्या जुन्या घराचे काम काढले. दुकानदाराने शेकडो छटांचे कार्ड हाती दिले आणि घरात आठ दिवस वाद चालला. एका खोलीला वॉलपेपर लावावा, असाही एक पक्ष होता. तेवढ्यात रंगाऱ्याने खिडकीची चौकट खरवडायला घेतली. क्रीम रंगाखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली पिवळा. मी बांधकाम साहित्य हा विषय शिकवते, त्यामुळे ते पदर पाहत उभी राहिले. आज त्या पदरांविषयीच बोलू.

आपल्या आजोबा-पणजोबांना कार्ड नव्हते. रंग निवडायचा तो चुना. चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सियसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून कुंच्याने भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषून तो दगडासारखा घट्ट होतो. मात्र ओला चुना तीव्र अल्कधर्मी असतो. त्यात जो रंग टिकेल तोच भिंतीवर चढेल. काव (गेरू) आणि पिवडी टिकतात, कारण दोन्ही लोहाची खनिजे आहेत. वाडे आणि देवळे यांच्या भिंतींवर तांबूस-पिवळे रंग इतके का दिसतात, याचे निम्मे उत्तर इथे आहे. उरलेले निम्मे म्हणजे ही माती स्वस्त होती.

निळ्याची गोष्ट अधिक मजेदार. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये सापडला, पण चुन्यात घातला की तो तपकिरी पडतो. लाजवर्दाचा निळा टिकतो, पण भिंतीला लावण्याइतका तो कोणाला परवडणार? फ्रान्समधील एका संस्थेने 1824 मध्ये कृत्रिम अल्ट्रामरीनसाठी 6000 फ्रँकचे बक्षीस जाहीर केले आणि 1828 मध्ये ते ज्याँ-बातिस्त गिमे यांना मिळाले. हा निळा चुन्यात शाबूत राहतो. दिवाळीआधी चुन्याच्या बादलीत आजी चिमूटभर नीळ टाकायची, ती याच निळ्याची भुकटी. कपड्यांना देतो तीच. पिवळसर पांढऱ्यावर निळी झाक पडली की भिंत अधिक शुभ्र भासते.

आता वॉलपेपर. युरोपात तो घरोघर गेला आणि त्याबरोबर शेले यांचा हिरवाही गेला. 1775 मध्ये निघालेला हा रंग म्हणजे तांबे आणि आर्सेनिक यांचे संयुग. ओल्या भिंतीवर खळीच्या थरात बुरशी धरायची. बार्तोलोमेओ गोसियो या इटालियन डॉक्टरांनी 1890च्या दशकात दाखवले की अशी बुरशी आर्सेनिकचा लसणासारख्या वासाचा वायू सोडते. त्या वायूने खरेच किती बळी घेतले याविषयी आज शंका घेतली जाते. रंगाची झडणारी धूळ विषारी होती, यात शंका नाही. आजच्या कागदात हा रंग नसतो, पण ओल आणि बुरशी आहेतच. पावसाळ्यात पाझरणाऱ्या भिंतीवर कागद चिकटवणे म्हणजे बुरशीला पांघरूण देणे. चुन्याच्या भिंतीवर ती सहसा धरत नाही, तेही अल्कधर्मामुळेच. आमच्या घरातला वॉलपेपरचा पक्ष इथे हरला.

चौकटीवरचा तेलरंग ही पुढची पायरी. 1942 मध्ये, युद्धामुळे आयात आटलेली असताना, मुंबईच्या गिरगावातील गायवाडीत चार मित्रांनी एका गॅरेजमध्ये रंगाचा धंदा सुरू केला. तीच आजची एशियन पेंट्स. 1954 मध्ये मूळचे म्हैसूरचे आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी हाती ब्रश आणि डबा घेतलेला खट्याळ ‘गट्टू’ काढला. चुन्याची जागा डिस्टेंपरने घेतली, पुढे इमल्शनने. बंधक बदलला, चुन्याची अट संपली आणि हवी ती छटा भिंतीवर चढू लागली.

पण या स्वातंत्र्यात शिसे होते. चकचकीत पिवळा म्हणजे बहुधा लेड क्रोमेट, आणि त्यातच निळा मिसळून हिरवा करत. म्हणून जुन्या तेलरंगांत पिवळ्या-हिरव्यांवर संशय अधिक. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांच्या वर नसावे, असा नियम केंद्र सरकारने 2016 मध्ये केला आणि तो नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. हा नियम नव्या डब्याला लागतो. तुमच्या दारावरच्या जुन्या पदरांना तो कसा लागणार?

आमच्या चौकटीचा भुगा फरशीवर पडला होता आणि भावाची तीन वर्षांची मुलगी त्यात बोटाने रेघोट्या ओढत होती. ते बोट तोंडात जायला किती वेळ लागतो? शिशामुळे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. त्या दिवशी मात्र मला दहा मिनिटे उशिराच सुचले. मुलीचे हात धुतले, तिला खालच्या मजल्यावर पाठवले. रंगाऱ्याला म्हटले, “दादा, कोरडे घासू नका, पाणी मारून घासा.” भुगा झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपला आणि पिशवीत बांधला. पुढच्या आठवड्यात तिच्या रक्ताची तपासणी करून घेतली. शिसे चिंतेच्या पातळीखाली निघाले. तुमच्या घरी काम निघाले, तर खरवडण्याआधीच हे सगळे करा.

शेवटी आम्ही फिकट पिवडीसारखी छटा घेतली. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ती हिरवट दिसत होती, म्हणून आधी भिंतीवर हातभर पट्टा मारला आणि दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पाहिला. कार्डावर तिला लांबलचक इंग्रजी नाव आहे. आई तिला पिवडीच म्हणते.